कुरळ्या केसांचा रानकुत्रा

संग्रहालयात शिरलं की डाव्या हाताला काचेमागे एक रानकुत्रा उभा आहे. त्याचं अंग कुरळं आहे. मुलं काचेला नाक लावून त्याच्याकडे बघतात, त्यांच्या आया "किती गोड!" म्हणतात, आणि खालच्या पाटीवर लिहिलंय की शंभरेक वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या रानकुत्र्याच्या या जातीचं रूप तिच्याच हाडात सापडलेल्या जनुकीय खुणांवरून पुन्हा उभं केलं आहे. त्या खुणा मी काढल्या. म्हणजे हाड मी कोरलं, भुकटी मी केली, डोळे मी फोडून घेतले, आणि फोटो मॅडमचे छापून आले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मोठेपणा ज्याचा त्याला लखलाभ. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते सांगायचं तर आधी एका साध्या, सरळ केसांच्या कुत्र्याबद्दल सांगायला हवं.

त्याचं नाव पाहुणा. माझे बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. एका जुन्या इमारतीत लिफ्ट तळमजल्यावर नीट थांबत नव्हती म्हणून ते खालच्या खड्ड्यात उतरले, तर तिथे ग्रीसने माखलेलं एक पिल्लू कोपऱ्यात बसलं होतं. बाबांनी लिफ्ट दुरुस्त केली आणि पिल्लाला डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "दोन दिवसांचा पाहुणा म्हणून ठेवा हं, पुढचं मला सांगू नका." पाहुण्याने ते मनावर घेतलं नाही. तो आमच्याकडे राहिला, मोठा झाला, म्हातारा झाला. रंगाने चहाच्या डागासारखा, एक कान कायम दुमडलेला, आणि बाबा घरात ज्या खोलीत असतील त्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा.

आई गेली तेव्हा मी बाबांना माझ्याकडे घेऊन आले. माझं घर दोन खोल्यांचं. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारे नातेवाईक एव्हाना थकून गेले आहेत, त्यामुळे जागेला कुणी वाटेकरी नव्हता. बाबा एक ट्रंक आणि पाहुण्याला घेऊन आले. माझी अडचण ट्रंकेची नव्हती.

आमचं काम समजायला फार अवघड नाही. मेलेल्या प्राण्याच्या हाडात त्याच्या डीएनएचे धागे उरतात, पण अखंड उरत नाहीत. काळ त्यांचा पार चुरा करतो, आणि चुऱ्याच्या टोकांना झिजल्याच्या खुणा असतात. आम्ही तो चुरा गोळा करून वाचतो, तुकड्याला तुकडा लावतो. त्यावरून कळतं की अंगाचा रंग कसा होता, नातं कुणाशी होतं, वंश कधी आटत गेला. अडचण एवढीच की हा चुरा चिमूटभर असतो, आणि जिवंत प्राण्याची थोडीशी लाळ किंवा एखादा केस त्याला सहज झाकून टाकतो. म्हणून आमची ती आतली खोली. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, दोन दोन हातमोजे, तोंडावर मास्क. टेबलं ब्लीचने पुसायची, जांभळा दिवा लावून ठेवायचा, आतली हवा बाहेर ढकलत राहायची. प्रत्येक वेळी एक कोरी नळीही सोबत चालवायची, जिच्यात हाड नसतंच. त्या नळीत काही सापडलं तर घाण आपली, हे समजायचं.

रानकुत्र्यासारख्या प्राण्यावर काम असलं की आणखी एक नियम. घरी कुत्रा पाळायचा नाही. पाळीव कुत्र्याचा आणि रानकुत्र्याचा डीएनए इतका सारखा की एकाचा दुसऱ्यात मिसळला तर निवडणं कठीण. नियम मॅडमनी केला होता, आणि मला तो तेव्हा पटलेला होता. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. हुशार बाई, यात वाद नाही. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत आणि दुसऱ्याच्या नाकावर बसलेली माशी लांबून ओळखायच्या.

बाबा आले त्याच आठवड्यात मी मॅडमना जाऊन सांगितलं की घरी वडिलांचा कुत्रा आहे, काहीतरी सोय बघते आहे. त्या म्हणाल्या, "थोडे दिवस चालेल. काळजी घे म्हणजे झालं." मी काळजी घेतली. संस्थेच्या बाथरूममध्ये केसांवरून अंघोळ करायची, तिथेच ठेवलेले कपडे घालायचे, घरचे कपडे पिशवीत बांधून खालच्या मजल्यावर ठेवायचे. हिवाळ्यात ओल्या केसांनी कुडकुडताना स्वतःलाच शिव्या घालायचे. त्याच महिन्यांत रानकुत्र्याची ती प्रसिद्ध कवटी आमच्याकडे आली. डोंगरातल्या थंड गुहेत सापडलेली, जवळजवळ अखंड. तिच्या कानामागचं दगडासारखं घट्ट हाड मीच कोरलं, ड्रिल अगदी हळू फिरवत, हाड तापू न देता. जबड्याच्या कडेला बारीक ओरखडे दिसले होते. उंदरांनी कधीतरी कुरतडलं असेल, असं समजून मी पुढच्या कामाला लागले.

मग एक दिवस पैसे देणारे लोक भेटीला आले. सगळा विभाग मोठ्या खोलीत जमला होता. मॅडम बोलता बोलता माझ्यापाशी आल्या, खिशातून चिमटा काढला आणि माझ्या स्वेटरच्या बाहीवरचा एक केस उचलून दिव्यासमोर धरला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मग आलेल्या मंडळींकडे वळून म्हणाल्या, "बघा, एवढ्याशा केसाने आमची वर्षांची मेहनत मातीत जाऊ शकते. म्हणून आम्ही इतके कडक आहोत."

मंडळी खूश झाली. माझे सहकारी आपापल्या बाह्या तपासायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो केस सरळ होता की कुरळा, हे बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

नंतर केबिनमध्ये त्या म्हणाल्या, "कुत्रा की काम, ते तू ठरव. कायम करायच्या लोकांची यादी निघते आहे, तुला ठाऊक आहेच."

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, थोडे दिवस चालेल."

"मी असं कशाला म्हणेन?" त्या म्हणाल्या, आणि पुढची फाईल उघडली.

घरी येऊन मी बाबांना सांगायला शब्द शोधत होते. बाबांनी शोधू दिले नाहीत. "अगं चिमणे, एवढंच ना? दादाकडे जाईल तो. त्याच्या गोडाऊनला राखण हवीच आहे." दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शहराबाहेर टायरांचा धंदा करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पाहुण्याचं अंग ब्रशने विंचरलं, त्याची ताटली पुसून पिशवीत टाकली, गळ्यात दोरी घातली आणि दोघं निघाले. पाहुण्याला वाटलं फिरायला चाललोय. संध्याकाळी बाबा एकटे परत आले आणि म्हणाले, "छान मोकळी जागा आहे. रमेल."

यादी निघाली, त्यात माझं नाव नव्हतं. "पुढच्या वेळी नक्की," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी बाबा बसने पाहुण्याला भेटायला जाऊ लागले. कुठल्याही हवेत जायचे. परत आले की बातमी द्यायचे. आज दूध-पाव खाल्ला. आज एका मांजराच्या मागे लागला, या वयात! आज झोपूनच होता, पण शेपूट हलवली. मी कामात असायचे, हो हो म्हणायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. कुत्रा मजेत आहे, बाबांना रविवारी बाहेर पडायला निमित्त आहे, म्हणजे आपण काही फार मोठा अन्याय केलेला नाही.

त्या दरम्यान आमची खूण सापडली. बाकीच्या दातांतून आणि हाडांतून मोठ्या मुश्किलीने काही निघालं होतं, पण कवटीने भरभरून दिलं. त्यात केस कुरळे करणारी ती खूण. रानकुत्र्याचं अंग कुरळं! कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी मॅडमना म्हटलं, "हे तुकडे फार लांब आहेत. झिजलेलेही दिसत नाहीत. इतक्या जुन्या हाडात असे तुकडे मी पाहिले नाहीत. आणि दुसऱ्या एकाही दातात ही खूण का नाही?"

"दातांत चुराच इतका बारीक आहे की खूण वाचता येत नाही. आणि ही कवटी थंडीत टिकली. आयुष्यात एकदा चांगलं काही हाती आलं तर त्यातही खोट काढायची सवय बरी नाही."

कोरी नळी कोरी होती. म्हणजे खोली स्वच्छ होती. मी गप्प बसले.

पुढे जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. मॅडम टीव्हीवर आल्या, सभांतून बोलल्या. प्रत्येक भाषणात एक किस्सा ठरलेला. कवटी ताब्यात घेतली तेव्हा सुट्ट्या लागल्या होत्या, संस्थेला कुलूप होतं, म्हणून ती कवटी त्यांच्या घरी राहिली. "माझ्या जेवणाच्या टेबलावर ती होती," त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "आणि मी तिच्यासमोर नुसती बसले होते. मला वाटलं, ती माझ्याशी बोलते आहे." इथे टाळ्या. हे नियमात बसत नव्हतं, पण मॅडमच्या घरी आम्ही कुणी कधी गेलो नव्हतो. घरात टेबल आहे, त्यावर कवटी ठेवली, एवढंच आम्हाला ठाऊक. संग्रहालयाने कारागीर बोलावून पुतळा करवून घेतला, अंगावर एकेक कुरळा केस चिकटवून. तो बघायला रांगा लागल्या.

मग मॅडम जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. सह्यांसाठी कागद घेऊन मला त्यांच्या घरी पाठवलं. मी बेल वाजवली आणि आतून भुंकणं ऐकू आलं.

शेजारचा असेल, असं मला वाटलं. कामवाल्या बाईने दार उघडलं आणि एक पांढरा, कुरळ्या केसांचा कुत्रा येऊन माझ्या पायांना अंग घासायला लागला. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. समोर जेवणाचं टेबल. टेबलाचे पाय खालून कुरतडलेले होते, बारीक बारीक ओरखडे. ते ओरखडे मी ओळखले. भिंगाखाली बघितले होते मी ते, कवटीच्या जबड्यावर. कुत्र्याच्या घरात दोन दिवस हाड ठेवलं तर कुत्रा काय करेल, हे सांगायला संशोधक कशाला हवा?

"मुलाचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तो परदेशी गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. तू अशी बघू नकोस. मी काळजी घेते. अंघोळ करून, कपडे बदलून निघते. तुम्हा लोकांना ते सांगून जमत नाही, म्हणून नियम करावे लागतात."

"किती वर्षं झाली, मॅडम?"

"झाली असतील चार-पाच. कुठे सही करायची?"

मी जागा दाखवली. त्यांनी सही केली. मी थँक्यू म्हणून बाहेर पडले, हे आठवलं की मला अजूनही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझ्या पँटवर त्याचे केस चिकटले होते. दुसऱ्या मजल्यावर ताज्या नमुन्यांची साधी प्रयोगशाळा आहे, तिथे मी ते तपासले. कवटीतले लांब, न झिजलेले तुकडे आणि हे केस अक्षराला अक्षर जुळले. शंभर वर्षांपूर्वी नामशेष झालेला कुरळा रानकुत्रा मॅडमच्या घरी बिस्किटं खात होता. मी एकटीच जोरात हसले. आणि हसता हसता मला पाहुणा आठवला, गळ्यात दोरी घालून खुशीत निघालेला. मग हसू येईना.

त्या दिवशी मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. खूण खोटी आहे हे जगाला कळलंच पाहिजे. आणि पाहुणा घरी आला पाहिजे. ज्यांनी नियम केला त्यांच्याच घरी कुत्रा असेल, तर माझ्या बापाचा कुत्रा माझ्या घरी आणायला मला कुणाची परवानगी हवी? हे एकदा निस्तरलं की एखाद्या रविवारी बाबांबरोबर आपणही जाऊ आणि त्याला घेऊनच येऊ, असं मनाशी पक्कं केलं.

मॅडम कुबड्या घेऊन कामावर आल्या तेव्हा मी केबिनमध्ये जाऊन सगळं त्यांच्यासमोर मांडलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, आता चेहरा उतरेल.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "खूण मागे घ्यायला हवी. कवटीत कुत्रा मिसळलाय. मीच कळवते वर." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण आला कुठून तो? कवटी कोरली कुणी? तू. त्या काळात घरी कुत्रा कुणाच्या होता? तुझ्या. केस कुणाच्या बाहीवर सापडला, सगळ्यांसमोर?"

"मॅडम, तुमच्या कुत्र्याचे केस मी जुळवून पाहिलेत."

"माझा कुत्रा? तुझ्या पँटवरचे केस म्हणजे रस्त्यातल्या कुणाचेही." त्यांनी चष्मा चढवला. "आणि कुत्रा आता माझ्याकडे नाहीये. मुलाने नेला."

अशा रीतीने खापर फोडायला डोकं सापडलं. चौकशी बसली. बाहेरचे तीन मोठे लोक आले. मॅडमचं म्हणणं त्यांनी आधी ऐकलं आणि माझं नंतर. माझ्या हातचे केस त्यांनी पुरावा म्हणून धरले नाहीत, आणि ते नियमाला धरूनच होतं. पण त्यांतल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्या कुत्र्याचा नमुना देऊ शकाल का? तो जुळला नाही तर निदान तुम्ही सुटाल." मी म्हटलं, एका पायावर देते. जिवंत कुत्रा आहे, तोंडातून कापूस फिरवला की झालं. मला तर आनंदच झाला. पाहुण्याला आणायला आता आणखी एक कारण मिळालं.

रविवारची वाट न बघता मी दुपारीच दादाच्या गोडाऊनवर गेले. टायरांच्या रांगा, रबराचा वास, मध्ये दादा हिशोब करत बसलेला. मी इकडे तिकडे बघितलं.

"पाहुणा कुठाय रे?"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "बाबांनी तुला सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"अगं, तो जाऊन वर्ष होऊन गेलं. ट्रक मागे घेत होता, ड्रायव्हरला दिसला नाही. त्याला ऐकूही कमी येत होतं शेवटी. मी यायच्या आत पालिकेची गाडी उचलून घेऊन गेली." दादा उठून उभा राहिला. "मी तुला फोन करणार होतो. बाबांनी मला शपथ घातली. म्हणाले, तिची नोकरी कायम होऊ दे आधी, तिच्या डोक्याला हा ताप नको."

"पण ते तर दर रविवारी इथे येतात."

"येतात ना. त्याची ताटली आहे अजून मागे. तिच्यात पाणी भरून ठेवतात, चहा घेतात आणि जातात. मी काय बोलणार त्यांना?"

वर्षभराच्या त्या सगळ्या बातम्या मला एकामागून एक आठवल्या. दूध-पाव. मांजर. शेपूट हलवली. बाबा बसमध्ये बसून त्या रचत असतील, मला ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून. गोडाऊनच्या मागे जाऊन मी ती ताटली बघितली. तिच्यात अर्धं पाणी होतं. मी टायरावर बसून ढसाढसा रडले, आणि दादा बिचारा हातात पेन घेऊन बाजूला उभा राहिला.

घरी आले तेव्हा बाबा टेबलफॅन उघडून बसले होते. माझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं.

"दादाकडे गेली होतीस?"

"बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तू त्याला घालवलंस म्हणून तो मेला, असं तुला वाटलं असतं." त्यांनी स्क्रू डबीत टाकला. "तसं काही नाहीये हं. म्हातारा झाला होता तो."

मी त्यांना सगळं सांगितलं. मॅडम, कुरळा कुत्रा, कवटी, चौकशी. शेवटी उठून त्यांनी ट्रंक उघडली आणि स्क्रू ठेवायचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात ब्रश होता. पाहुण्याला नेलं त्या सकाळी त्याला विंचरलं तोच, चहाच्या डागाच्या रंगाचे केस दातांत तसेच अडकलेले.

"हे चालतील?"

"चालतील." मी म्हटलं. "पण गळलेले केस आहेत, बाबा. यांत फार काही उरलेलं नसतं. आणि दोन वेगळ्या ठिकाणी तपासणार आहेत. बहुतेक सगळे लागतील."

"तपासून झाल्यावर परत देतात?"

"नाही. ते विरघळवतात."

दातासाठी, हाडाच्या टवक्यासाठी मी किती संग्रहालयांतून फिरले असेन. म्हातारे अधिकारी हात जोडून सांगायचे, बाई, एवढा एकच दात उरलाय हो, आणि मी त्यांना विज्ञान समजावून सांगायचे. बाबांना समजावायची वेळ आली नाही. त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, चष्मा खाली ओढला आणि ब्रशच्या दातांतून एकेक केस सोडवून कागदावर ठेवायला लागले.

"एक तरी ठेवा, बाबा," मी म्हटलं.

"नको. एक ठेवला आणि नेमका तोच कमी पडला, तर?"

केस मी समितीच्या हातात दिले, त्यांनी दोन पाकिटांत सीलबंद करून पाठवले. निकाल यायला वेळ लागला. त्या काळात विभागात माझ्याशी चहाला कुणी बसेना. काल परवापर्यंत माझ्याकडून आकडे तपासून घेणारे लोक जिन्यात मला बघून फोन काढायचे. बाबा रविवारी घरीच असायचे. फॅन दुरुस्त झाला, मग इस्त्री, मग शेजाऱ्यांची इस्त्री. रविवार त्यांच्याच्याने संपत नव्हता.

शेवटी समितीने बोलावलं. पाहुण्याचे केस कवटीतल्या कशाशीही जुळले नाहीत, ना पहिल्या ठिकाणी ना दुसऱ्या. कवटीत जो कुत्रा होता तो कुणाचा, हे "निश्चित सांगता येत नाही" असं त्यांनी लिहिलं. जबड्यावरच्या ओरखड्यांबद्दल "प्राचीन असण्याची शक्यता". कवटी ज्या टेबलावर राहिली त्या टेबलाबद्दल एक अक्षर नाही, आणि भाषणांत टाळ्या वाजवणाऱ्यांतले दोघं समितीत होते. खूण मागे घेतल्याची चार ओळींची सूचना कुठेतरी कोपऱ्यात छापली जाईल. संग्रहालयातल्या पुतळ्याचं काय, असं मी विचारलं, तर एक जण म्हणाले, "मुलांना आवडतो तो. पाटी बदलू केव्हातरी." मॅडमना नवा प्रकल्प मिळालाय, नामशेष रानमांजराचा. आता मांजरवाल्यांची पाळी.

आणि मला कायम केलं. पिकल्या केसांच्या त्या गृहस्थांनी स्वतः कागद हातात दिला आणि म्हणाले, "फार मनस्ताप झाला तुम्हाला. आता हा विषय इथेच संपवू या." मला कळत होतं की हा कागद कशाची किंमत आहे. तो तोंडावर फेकावा असं मनात आलं, आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो कागद फेकायला मनगटात जोर लागतो, आणि माझ्यात तो नव्हता. मला माझीच किळस आली, पण सही मी केली.

घरी बाबा दारातच उभे होते. पायांतल्या चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"काय झालं गं?"

"सुटले मी," मी म्हटलं. "कायमसुद्धा केलं."

कागद मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"ते असू दे. पाहुण्याचं काय निघालं?"

"काही नाही निघालं, बाबा. तो निर्दोष आहे. त्याचं काहीच सापडलं नाही कवटीत."

"तो इथे होता त्या महिन्यांतलं पण?"

"त्याच महिन्यांतली तर कवटी आहे ती. मीच कोरली होती. त्याचा एक केससुद्धा कधी आत पोचला नव्हता."

बाबांनी मान हलवली. बोटांवर महिन्यांचा हिशोब पुन्हा एकदा करून बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळलं नाही म्हणून विचारावं, तसं त्यांनी विचारलं,

"मग त्याला घालवलं कशाला?"